नोकरी, पावणेदोन एकर आणि पाच वर्षांचा तक्ता

ओसरी | ७ एप्रिल

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय ३९. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. नवरा बँकेत, मुलगी सातवीत. डिसेंबरात सुट्टी टाकून पर्माकल्चरचा (निसर्गाच्या रीतीने, टिकाऊ अशी शेताची मांडणी करायचं शास्त्र) तो ७२ तासांचा डिझाइन कोर्स केला आणि घरी आले ती डोक्यात भुंगा घेऊनच. माण तालुक्यात वडिलांच्या वाट्याची पावणेदोन एकर जमीन आहे. बरीचशी मुरमाड, एक कोपरा काळा. विहीर आहे, पण फेब्रुवारीत तळ दाखवते. सध्या चुलतभाऊ वाट्याने ज्वारी-बाजरी करतो.

तर सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. पाच वर्षं, तीन रकाने: मी, काम, जमीन. पहिल्या वर्षी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शेत. दुसऱ्या वर्षी चार दिवसांचा आठवडा (दिला तर). तिसऱ्या वर्षी राजीनामा. चौथ्या वर्षी स्वतःचे कोर्स आणि शेतावर मुक्कामी पाहुणे. पाचव्या वर्षी 'स्वयंपूर्ण'. नवऱ्याने तक्ता शांतपणे वाचला आणि विचारलं, "यात मी कुठल्या रकान्यात आहे?"

ज्यांनी हे केलंय, करून सोडलंय किंवा करायचं ठरवून केलेलं नाही, अशा सगळ्यांना विचारते. या तक्त्यात काय चुकतंय? शिकायचं काय आणि कुठल्या क्रमाने? यावर पोट भरतं का?

पावशेर

सहावं वर्ष: पुन्हा टेस्टिंग. (हलके घ्या.)

गांडूळ

मस्त विषय. वाचनखूण साठवली. माझाही भुंगा साधारण त्याच जातीचा आहे.

कोरडवाहू

ताई, मी जतचा. घरची नऊ एकर, सगळी पावसावर. तुमच्या माणात आणि आमच्यात ढगांच्या बाबतीत फारसा भेदभाव नाही, दोघांनाही सारखेच हूल देऊन जातात.

तुमच्या तक्त्यातलं पहिलंच वर्ष मला खटकलं. शनिवार-रविवार शेत. मृगाचा पाऊस झाला की जमिनीला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला दोन-तीन दिवस लागतात आणि आलेला वाफसा मुरमाड रानात दोन दिवससुद्धा टिकत नाही. त्या दोन दिवसांत पेरलं तर पेरलं. आता वाफसा मंगळवारी आला, तर तो तुमच्यासाठी शनिवारपर्यंत बसून राहणार आहे का? आमच्या शेजारी मुंबईच्या एका साहेबांनी असंच सुट्टीचं शेत केलं. दर शनिवारी यायचे आणि आठवडाभरात काय मेलं ते बघून जायचे. तीन वर्षांनी यायचेही बंद झाले. ठिबकच्या नळ्या उंदरांनी खाल्ल्या.

तेव्हा तक्त्यात चौथा रकाना करा, 'तिथं कोण राहतं'. तो रिकामा असेल तोवर बाकीचे भरू नका.

बाकी तुमच्या या शास्त्रात जे सांगतात, बांधावर झाडं, मिश्रपीक, काही वाया घालवू नका, ते माझी आजी करायचीच. बाजरीत मटकी, हुलगा, तीळ, कडेला अंबाडी. तिला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही एवढंच. आणि 'शाश्वत' म्हणाल तर आमच्याकडे सोसायटीचं कर्ज शाश्वत आहे.

जुनं_खोड

कोरडवाहू, आजीचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. आजीच्या वेळी रान मोठं होतं, माणसं घरात होती, गुरं दावणीला होती. ती तिन्ही गेल्यावर आजीची रीत जशीच्या तशी चालत नाही, नव्याने मांडावी लागते. टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली जे पुस्तकरूपाने मांडलं ते हेच. त्यातला प्रत्येक सुटा तुकडा कुठल्या ना कुठल्या आजीचा आहे. जोडणी त्यांची.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे श्री. अ. दाभोळकर होऊन गेले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारा माणूस. शेतकऱ्याला म्हणायचे, पानांचं क्षेत्रफळ मोज, ऊन किती अडवलंस ते मोज. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी त्यांच्या प्रयोग परिवारातून काय उभं केलं ते त्या भागात अजून सांगतात. दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचं भागावं असा हिशेब त्यांनी मांडला होता. ओसरीताई, तुमच्याकडे सत्तर गुंठे आहेत. सात कुटुंबांचं रान एकट्याने पहिल्याच वर्षी अंगावर का घेताय? दहा गुंठे घ्या. उरलेली साठ चुलतभावाकडे राहू द्यात, तो काही पळून जात नाही.

पावशेर

अवांतर: पर्माकल्चरला मराठी शब्द काय? चिरशेती? कायमकृषी? शब्द ऐकूनच जमीन एन.ए. (बिगरशेती) करून टाकावीशी वाटते.

शेवग्याची_शेंग

'नांदतं रान' कसं वाटतं?

पावशेर

@शेवग्याची_शेंग, हे आवडलं. शब्द मागे घेतो, एन.ए.चा अर्जही.

फेरफार

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे माझं ऐकून कुणाला आनंद होत नाही, याची सवय आहे.

ओसरीताई, 'वडिलांच्या वाट्याची' असं लिहिलंत. हा वाटा कागदावर आहे की तोंडी? सातबारा वडिलांच्या एकट्याच्या नावे आहे की काकांबरोबर सामायिक? सामायिक असेल तर झाड लावायच्या आधी वाटणी करा. सगळे सहहिस्सेदार संमतीने तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो. मग मोजणी, हद्दीचे दगड, फेरफार. भावकी गोड आहे तोवर हे उरकावं. तुम्ही दहा वर्षं राबून रान हिरवं केलं की मगच काकांना तो कोपरा आपला असल्याचं आठवतं. चाळीस वर्षांत हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं हसूही येत नाही.

दुसरं, तुम्हाला भाऊ आहे का? मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर २००५ ला झाला. पण गावात दिवाळीला आलेल्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्यायची पद्धत अजून आहे. आधीच केली असेल तर तुमचा पाच वर्षांचा तक्ता दुसऱ्याच्या जमिनीवर आहे.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३. म्हणून 'इको व्हिलेजमध्ये पाच गुंठे, सामायिक सातबारा' अशा जाहिराती येतात. त्या पाच गुंठ्यांची सरकारदरबारी हद्दच नसते. फळबाग लागते ती विकणाऱ्याला.

गांडूळ

फेरफारकाका, अशाच एका जाहिरातीला टोकन देऊन बसलोय. व्यक्तिगत निरोप करतो.

ओसरी | ९ एप्रिल

इतके प्रतिसाद! आभार.

फेरफारकाका, तुमचा प्रतिसाद वाचून बाबांना फोन केला. सातबारा सामायिक आहे, बाबा आणि दोन काका. वाटणी तोंडी, आजोबांनी बांधावर उभं राहून काठीने दाखवलेली. आणि हो, आठ वर्षांपूर्वी एका कागदावर सही मागितली होती, मी घाईत होते म्हणून राहून गेली. आयुष्यात पहिल्यांदा आळसाचा अभिमान वाटला.

@कोरडवाहू, वाफशाचं मला खरंच माहीत नव्हतं. कोर्समध्ये चंद्राच्या कलांवर तासभर बोलले, वाफसा हा शब्द आला नाही.

कोरडवाहू

चंद्रसुद्धा आम्हाला शनिवारीच लागतो, गावच्या बाजारातून अंधारात परत यायला.

आकडेमोड

तक्ता बघितला की माझे हात शिवशिवतात. पाण्याचा हिशेब मांडतो.

१ एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तुमच्याकडे ५०० मिमी धरू. एकरी २० लाख लिटर, पावणेदोन एकरांवर ३५ लाख. दहा हजारी टँकरच्या भाषेत ३५० टँकर. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या मानाने चौघांच्या घराला वर्षाला दोन लाखांहून थोडं कमी लागतं. म्हणजे तुमच्या रानावर एका वर्षात चौघांना १७-१८ वर्षं पुरेल इतकं पाणी पडतं आणि तरी विहीर फेब्रुवारीत कोरडी. पुष्कळसं उडून जातं, काही पिकं पितात, हे गृहीतच आहे. पण जे ओढ्याने वाहून जातं ते तुमचं काम. पहिल्या वर्षी 'जमीन' या रकान्यात एवढंच लिहा: पाणी कुठून येतं, कुठून जातं. पावसात छत्री घेऊन चालायचं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायचे. खर्च शून्य.

पैशाचा तक्ता वेगळा करा. माझा नियम: राजीनाम्याआधी दोन वर्षांचा घरखर्च बाजूला. त्यात मुलीची फी आणि आरोग्य विमा धरून. कंपनीचा विमा कंपनीबरोबर जातो, हे लोकांना राजीनाम्याच्या दुसऱ्या महिन्यात कळतं.

माघारी

'करून सोडलंय अशांनी' म्हणालात म्हणून लिहितो. इथे हे पहिल्यांदाच लिहितोय.

२०१७ ला हैदराबादला पर्माकल्चरचं आंतरराष्ट्रीय संमेलन झालं, तिथे गेलो होतो. जगभरची माणसं, मातीची घरं, भरडधान्याचं जेवण, रात्री गाणी. परत येऊन सहा महिन्यांत नोकरी सोडली. भोर तालुक्यात सासऱ्यांची तीन एकर होती. बायकोची नोकरी पुण्यातच, मी तिकडे.

पहिली चूक चरांची. बांबूची ए-फ्रेम केली, मधोमध ओळंब्याला दगड, समपातळीच्या खुणा फक्कीने टाकल्या, अगदी शिकवल्याप्रमाणे. मग उत्साहात जेसीबी बोलावला आणि दोन दिवसांत चारशे फूट चर. दिसायला इतका देखणा की ड्रोनने फोटो काढले. जुलैत एका रात्री पाऊस असा झाला की पहाटे चारला शेजारचे आप्पा कंदील घेऊन दारात. चर भरला, आणि मी त्याला सांडवाच (जादा पाणी बाहेर जायची वाट) ठेवला नव्हता. पाण्याने स्वतःची वाट काढली, नेमकी जिथे भराव कच्चा होता तिथून, आणि खालच्या अंगाला आप्पांच्या भाताच्या खाचरात गाळाचा ढीग. लावणी झालेली, चार दिवसांपूर्वीची. आप्पा ओरडले नाहीत. "शिकलेल्या माणसाला पाणी कुठून काढायचं ते कळत नाही होय," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात मी त्यांच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहून पुन्हा लावणी केली. त्यानंतर आमचं जमलं, ही एकच चांगली गोष्ट.

पण सोडलं ते त्यामुळे नाही. सोडलं बोलायला कुणी नव्हतं म्हणून. दिवसा काम असायचं. संध्याकाळी सातनंतर अंधार आणि मी. गावातली माणसं चांगली, पण त्यांच्या लेखी मी 'जावई' होतो, पाहुणा. मे महिन्यात तर दुपारी अकरा ते पाच पत्र्याखाली पडून रहायचं. बायको महिन्यातून दोनदा यायची, मग एकदा. तिसऱ्या वर्षी आमच्यात जे काही बिघडत होतं ते तिने एका वाक्यात सांगितलं: तू झाडांना वेळ देतोस तेवढा मला दे. मी परत आलो. आता पुन्हा नोकरी करतो. जमीन आप्पांच्या मुलाकडे वाट्याने आहे, दुरुस्त केलेले चर अजून पाणी धरतात, आंब्याची तीस झाडं जगली.

ओसरीताई, तुमच्या नवऱ्याने विचारलेला प्रश्न चेष्टेत घेऊ नका.

शेवग्याची_शेंग

@माघारी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तीस आंबे जगले म्हणजे ते 'सोडलेलं' नाही हो.

जीवामृत

सगळ्यांनी पाणी-पाणी केलं, माती कुणी बोललं नाही. देशी गाय ठेवा, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) करा: १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, २०० लिटर पाणी. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींची पद्धत. एकराला पुरतं. बाकी काही लागत नाही.

कोरडवाहू

दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन मातीला, आणि गड्याला नुसती भाकरी. आमच्याकडे गड्याने विचारलं होतं, मालक, थोडं हिकडं पण वता की.

जुनं_खोड

गाय ठेवा हे सांगणं सोपं आहे. आठवड्याचे पाच दिवस पुण्यात राहणाऱ्या बाईने गाय ठेवायची म्हणजे गायीलाच मालक ठेवावं लागेल. चाऱ्याचं काय? माणात उन्हाळ्यात छावण्या लागतात. आधी बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या खोचा. जून-जुलैत खोचल्या की बऱ्याच जगतात, दुसऱ्या वर्षापासून पाला छाटून अंथरता येतो, नत्र फुकट. गाय नंतर.

जीवामृत

देशी गायीविना नैसर्गिक शेती म्हणजे...

*(यापुढचे अकरा प्रतिसाद गायीवरच्या वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. विषयाला धरून लिहावे. - संपादक)*

पावशेर

गाय वेगळ्या धाग्यात बांधल्याबद्दल संपादकांचे आभार.

कुळागरकार

मी फोंड्याचा. तुमचं पर्माकल्चर आमच्याकडे पणजोबांपासून आहे, त्याला कुळागर म्हणतात. वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरवेल चढवलेली, मध्ये केळ आणि जायफळ, खाली अननस, आळू, हळद. डोंगरातल्या झरीचं पाणी पाटाने आणून सगळ्यांना पाजायचं. सात थर मोजायला बाहेरून लोक येतात, माझी आई त्यांना चहा देते आणि त्यांची गंमत बघते.

पण कुळागराचा पैसा बघायचा तर वेळ बघा. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं, जायफळ सात-आठ. लावणारा एक, खाणारा दुसरा. आणि आज खरी अडचण झाडावर चढणाऱ्याची आहे. पाडेली मिळत नाही. आमचा पाडेली साठीचा झाला, त्याचा मुलगा जहाजावर. मागच्या वर्षी सुपारी झाडावरच पिकून गळली. त्यात माकडं. नारळ कोवळे असतानाच फोडून टाकतात, पाणी पितात आणि करवंटी आपल्या अंगावर फेकतात.

म्हणून ओसरीताई, 'काय शिकायचं' या रकान्यात माझी सूचना: चढायला शिका. हसू नका. चढायचं यंत्र मिळतं, आमच्या गावातली एक मुलगी ते वापरून दिवसाला पंधरा-वीस माड करते. तिच्याकडे दोन आठवड्यांची वाट बघावी लागते, माझ्या भावाच्या ट्रॅव्हल एजन्सीकडे कुणी फिरकत नाही.

माणात माड नाहीत हे मला ठाऊक आहे. मुद्दा कळला असेल.

कंपोस्टवाली

कुळागरकारांचा मुद्दा मला नेमका कळला, कारण माझं पोट त्यावर चालतं.

मी एचआरमध्ये होते. शेत नाही, सातबारा नाही, डोंबिवलीत वन बीएचके. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना ओला कचरा आपल्या आवारात जिरवायला सांगितला. मोठ्या सोसायट्यांनी धडाधड यंत्रं घेतली. सहा महिन्यांत बहुतेक यंत्रांवर सायकली टेकवलेल्या. मी आमच्या सोसायटीचं यंत्र बंद करून विटांचे साधे जाळीदार हौद करून दिले. मग शेजारच्या सोसायटीने बोलावलं. आता चौदा सोसायट्या आहेत, महिन्याची ठरलेली फी. नोकरीच्या पगाराच्या साठ टक्क्यांपर्यंत पोचलेय, त्याला चार वर्षं लागली.

शिकले कुणाकडून? कोर्स केला, तो उपयोगी पडला. पण खरं शिकवलं आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींनी. पहिल्या पावसाळ्यात हौदाला असा वास सुटला की सेक्रेटरींनी नोटीस काढली. मी पीएच मोजायच्या पट्ट्या घेऊन बसले. मावशींनी झाकण उघडलं, हातात मूठभर घेऊन पिळलं, बोटांतून पाणी गळलं. "ओलं झालंय, सुकं घाल." बागेतला झाडलेला पालापाचोळा तीन पोती ओतला, फावड्याने खालवर केलं. चौथ्या दिवशी वास गेला. आत पांढऱ्या-करड्या अळ्या वळवळत होत्या त्या बघून मी किंचाळले, त्या म्हणाल्या, "ह्या चांगल्या, ह्याच खातात." आता प्रत्येक नव्या ठिकाणी मी आधी तिथल्या मावशींचं प्रशिक्षण घेते, माझ्यासाठी. मावशींना महिन्याला वेगळे पैसे मिळतात, करारात तसं लिहून घेते.

ओसरी, तुझ्या चौथ्या वर्षातल्या 'स्वतःचे कोर्स' बद्दल बोलू का? कोर्स करून कोर्स घेणारे खूप झालेत. ज्याने स्वतः काही पिकवलं-बिघडवलं नाही त्याच्या कोर्सला जाऊन लोक पुन्हा कोर्सच घेणार. ती साखळी फक्त फी वरच्या दिशेने नेते. तू टेस्टिंगमध्ये आहेस, म्हणजे कुठे मोडेल ते आधी शोधणं तुझ्या हातात आहे. माघारींच्या चराला सांडवा नाही, हे तू कागदावर पकडलं असतंस. ते विक.

आकडेमोड

वा. 'ते विक' हे या धाग्यातलं पहिलं व्यावसायिक वाक्य.

मेलबर्नकर

इकडून थोडं. पर्माकल्चरचं हे माहेरच, त्यामुळे इथे त्याचं अप्रूप नाही. ब्रन्सविक ईस्टला सेरेस म्हणून जागा आहे. आधी दगडाची खाण, मग कचऱ्याचा उकिरडा. १९८२ पासून लोकांनी तिथे बाग, रोपवाटिका, बाजार असं उभं केलं. मी तिथे शनिवारी रोपं भरायला जायचे, आल्या आल्या एकटं वाटायचं म्हणून. तिथे ज्यांच्याशी ओळखी झाल्या त्यांच्यातूनच पुढे कौन्सिलच्या कचरा विभागात काम मिळालं. आधी अकाउंट्सच करत होते, आताही अकाउंट्सच करते, फक्त कंपोस्टच्या बादल्यांचे.

'माघारीं'ना सांगायचंय, एकटेपणा इथेही लोकांना शेतातून परत आणतो. एकट्या जोडप्याने विकत घेतलेली लांबची जमीन बऱ्याचदा दोन-चार वर्षांत पुन्हा विक्रीला येते. जे टिकले ते वस्तीजवळ राहिले.

कढीपत्ता मात्र अजून कुंडीतच. थंडीत घरात घेते. मुलं त्याला 'आजी' म्हणतात.

शेवग्याची_शेंग

मेलबर्नकर, कढीपत्त्याला हिवाळ्यात पाणी कमी, माझी बहीण तिकडेच असते, तिने ताक घालून घालून मारला.

पावशेर

कढी करायची घाई.

फेरफार

'मुक्कामी पाहुणे' राहून गेलं होतं. महाराष्ट्राचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. नोंदणी करून करा. 'दोन तंबू ठोकले, काय होतंय' असं म्हणू नका. पाहुण्याला विंचू चावला की तंबू कुणाच्या नावावर आहे ते सगळे विचारतात.

गांडूळ

टोकन परत मिळालं, धागा सार्थकी लागला. निम्मं. निम्मं 'प्रक्रिया शुल्क'.

ओसरी | २ जुलै

धागा वर काढतेय. तीन महिन्यांत काय झालं ते सांगायला हवं.

वाटणीचा अर्ज गेला. मोठे काका आधी रुसले, मग त्यांनाच लक्षात आलं की त्यांच्या नातवालाही कर्जासाठी वेगळा सातबारा लागणार आहे. मोजणीची तारीख यायची आहे.

मे महिन्यात आठ दिवस सलग तिथे राहिले, मुद्दाम. माघारींचा प्रतिसाद वाचल्यावर तक्त्यात पुढे काही लिहवेना. चौथ्या दिवशी दुपारी दीडला मीही पत्र्याखाली पडले होते आणि पंखा बंद. चुलतभावाची बायको, सुरेखावहिनी म्हणू (नाव बदललंय), माठातलं पाणी घेऊन आली आणि बसली. बोलता बोलता कळलं की ती मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) करते, बचतगटाचा हिशेब ठेवते, आणि तिला परसात शेवगा-सीताफळाची रोपवाटिका करायची आहे पण घरात कुणाला सांगितलेलं नाही. मी जिथे 'तिथं कोण राहतं' हा रिकामा रकाना घेऊन फिरत होते तिथे ती बारा वर्षं राहतेय. मला लाजच वाटली.

आता असं ठरलंय: दहा गुंठे, विहिरीच्या वरच्या अंगाचे, आम्हा दोघींचे. रोपांची निगा तिची, बी-पिशव्या-विक्रीचं बघणं माझं, पैसे निम्मे. राजीनाम्याची ओळ खोडली. चार दिवसांचा आठवडा मागितला, साहेब म्हणाले बघू. म्हणजे नाही. तरी शनिवारऐवजी मधला एखादा दिवस घरून काम करायला मिळालाय. नवरा तक्त्यात आला, 'पाणी' या रकान्यात. त्याने आकडेमोड यांचा हिशेब वाचला आणि आता घरात अंघोळीला मग मोजतो, हा त्रास वेगळाच.

आणि व्यावसायिक म्हणाल तर: कंपोस्टवालीताईंचं ऐकून ओळखीच्या एका वास्तुविशारदबाईंना त्यांच्या दोन फार्महाउसच्या नकाशांत पाणी कुठे मोडेल ते काढून दिलं. एकात शौचालयाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या बाजूला होता. त्यांनी पैसे दिले. जास्त नाहीत, पण पावती केली.

चर आम्ही हाताने काढला, साठच फूट. सांडव्याला दगड लावले, माघारी, तुमच्या आप्पांची आठवण काढून. २३ जूनला पाऊस झाला, मी पुण्यात होते. वहिनीने व्हिडिओ पाठवला. चर भरला, सांडव्यातून पाणी अगदी लाजत लाजत बाहेर आलं. मागून वहिनीचा आवाज आहे, "बघा की, ऐकतंय."

प्रश्न: चराच्या खालच्या अंगाला अजून उघडं रान आहे. आता काय टाकू?

माघारी

व्हिडिओ इथे चिकटवा ना. आप्पांना दाखवतो.

जुनं_खोड

बांधावर गिरिपुष्प लगेच खोचा, दिवस आहेत. शेळ्यांपासून राखा, पहिल्या वर्षी तेवढंच.

कोरडवाहू

खालच्या अंगाला मटकी आणि हुलगा टाका, रान झाकून राहील. माझ्याकडे घरचं बी आहे, दोन-दोन किलो देतो. पैसे नकोत, पुढच्या वर्षी दुप्पट परत द्या, आमच्यात तशी रीत आहे. न्यायला जतला यावं लागेल. वहिनींनाही आणा, रोपवाटिकेचं बोलायचंय.

मंगळवारी या. शनिवार-रविवार मी सुट्टीवर असतो.